सुरोच्या आधीचा मुहूर्त

जावा बेटावरच्या वातुगेदे वाडीच्या तोंडाशी पाच पाट्या उभ्या आहेत आणि पाचही एकाच घराकडे बाण दाखवतात: ‘पाक दुकुह’. दुकुह म्हणजे वाडीचे प्रमुख. आता वाडी केवढी, तर एका टोकाला फोडणी पडली की दुसऱ्या टोकाला ठसका लागावा एवढी. तिथे पाक दुकुहांचं घर न सापडलेला माणूस अजून जन्माला यायचाय. पण दरवर्षी विद्यापीठाची पोरं ग्रामसेवेला येतात, दीड महिना राहतात, त्यांच्या बायकोच्या, बू दुकुहांच्या, हातचं खाऊन अंगाला लागेल तेवढं लावून घेतात, आणि जाताना काहीतरी केल्याची खूण हवी म्हणून एक पाटी ठोकून जातात. गावकरी टाळ्या वाजवतात, फोटोला उभे राहतात. मग त्या पाटीवर कोंबड्या बसतात.

यंदाच्या गटातल्या हप्सारीनं ती रांग पाहिली आणि टेम्पोतून उतरायच्या आधीच जाहीर केलं, “आपण पाटी करायची नाही.”

“मग काय, विमानतळ बांधायचा?” दानांग म्हणाला. तो गटाचा म्होरक्या. मुलगा बरा होता, पण सकाळच्या चहाआधी आणि दुपारच्या जेवणानंतर त्याला कुठलाच प्रश्न गंभीर वाटत नसे.

“खरं काहीतरी करायचं.”

“आल्या बघा आमच्या खरं करणाऱ्या बाई,” दानांगनं हात जोडले आणि टेम्पोतली बाकीची पोरं हसली.

हप्सारी सेमारांग शहरातली, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला. ही सेवा विद्यापीठाची सक्तीचीच, पण गाव मागून घ्यायची मुभा होती. बाकीच्यांनी समुद्रकाठची गावं मागितली. हिनं चुनखडीच्या डोंगरातली, कोरड्या महिन्यांत टँकरच्या पाण्यावर जगणारी ही वाडी मागितली आणि गटालाही पटवलं. पटवण्यात ती पटाईत होती. सगळ्यांना सगळं पटवता येतं अशी तिची समजूत होती, आणि विशीत ती नसेल तर माणूस वकील तरी कशाला होईल?

पहिल्या आठवड्यातच तिनं वाडीच्या सभामंडपात कार्यक्रम लावला. मागे भला मोठा फ्लेक्स टांगला: ‘लग्न एकोणिसाव्या वर्षानंतरच’. खाली विद्यापीठाचं चिन्ह आणि पुस्तक छातीशी धरलेली एक हसरी मुलगी. माइक सांभाळायला वाडीतली लारस होती. वय पंधरा, नुकतीच नववी पास, तोंडात साखर आणि डोळ्यांत चाकू. पाहुण्यांची ओळख तिनं अशा ठसक्यात करून दिली, की दानांग पुटपुटला, “हिला आपल्या जागी आण आणि आपल्याला घरी पाठव.”

हप्सारी तासभर बोलली. एकोणीस वर्षांच्या आत लग्न कायद्याला चालत नाही, अडलंच तर कोर्टाची परवानगी लागते, कोवळ्या वयातलं बाळंतपण जिवावर बेततं. बायका माना डोलवत होत्या. “हो गं बाई, खरंय,” म्हणत होत्या. पहिल्या रांगेत लारसची आई बसली होती, बू तुकिनेम. तिनं तर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग केळीच्या पानातला चिकट भात आणि गुळाच्या वड्या वाटल्या गेल्या, बायकांनी त्या पोरांसाठी पदराआड घेतल्या, आणि मंडप रिकामा झाला. हप्सारीचं मन असं भरून आलं होतं, की तिला भूकच नव्हती.

लारस मागे थांबून फ्लेक्सची गुंडाळी करायला मदत करत होती. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या.

“ताई, छान बोललात.”

“तू पण. पुढे वकील हो.”

“मला औषधांचं शिकायचंय. शहरातल्या शाळेत नाव लागलंय माझं. शाळेचा राखाडी स्कर्टसुद्धा शिवून आलाय.” लारस फ्लेक्स गुंडाळत गुंडाळत जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “पण सापार महिन्यात माझं लग्न आहे.”

हप्सारीच्या हातातलं टोक सुटलं. हसरी मुलगी पुन्हा जमिनीवर उलगडली.

“कुणी ठरवलं?”

“ठरलं,” लारस म्हणाली. जसं काही पाऊस पडला म्हणावं.

मुलगा पुर्वादी, खाणीवर ट्रक चालवायचा. चोवीस वर्षांचा, कामसू, नमाज न चुकवणारा, दारूला न शिवणारा. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून लारस दोनतीनदा शाळेतून घरी आली होती. तेवढ्यावर वाडीच्या जिभा सुटल्या, आणि एकदा त्या सुटल्या की वेसण घालायला कुणाच्या बापाला जमत नाही. दोन्ही घरांनी मोठ्या मनानं तोडगा काढला. कोर्टाचा अर्जही केला. सुनावणी सुरो महिन्यात, आणि लग्न त्याच्यानंतर लगेच, सापारमध्ये. तोपर्यंत शाळेत जायला बू तुकिनेमनं पोरीला मोकळीक दिली होती. हौस फिटेल बिचारीची.

“कोर्टात जज्जबाई मला एकटीला आत बोलावणार आहेत,” लारसनं सांगितलं. “आईबाबांना बाहेर बसवून. पाक दुकुहच म्हणाले. खरं का हो?”

“खरं आहे. तसा नियमच आहे. तुझी मर्जी विचारतात.” हप्सारीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. “तू काय सांगशील?”

लारसनं आधी बाहेर नजर टाकली. मंडपाबाहेर बाया एकमेकींना हाका मारत होत्या.

“आई बाहेर असेल ना?”

“हो.”

“दार लावलेलं असेल ना?”

“हो गं.”

“मग सांगेन,” लारस म्हणाली.

एवढं एक दार होतं. तेवढ्यावर हप्सारीनं विसंबायला हवं होतं. पण ती कायदा शिकली होती आणि कायद्याचं कसं चालतं तेही तिनं ऐकलं होतं. अर्ज आले की बहुतेक मंजूर होतात, घाईघाईत विचारतात, पोर मान खाली घालते, आणि खाली घातलेली मान ही होकार धरली जाते. लारसनं मान वर करून ‘नाही’ म्हटलं नाही तर? ती जोखीम तिला घेववेना.

ती आधी बू तुकिनेमकडे गेली. बू तुकिनेम अंगणात कसावाचे कंद सोलत होती. तिनं हप्सारीला बसायला चटई दिली, गोडमिट्ट चहा दिला, तळलेले टोळ पुढे सरकवले, आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

“तुम्ही म्हणता ते सगळं खरं,” शेवटी ती म्हणाली. “मी टाळ्या काय उगाच वाजवल्या? माझं चौदाव्या वर्षी झालं, मला काय हौस आहे? पण ताई, तुम्ही कधी जाणार?”

“ऑगस्टच्या शेवटी.”

“मग तुम्ही गेल्यावर लारसचं काही वेडंवाकडं झालं, कुणी काही बोललं, पोर्गी विहिरीकडे बघायला लागली, तर मी कुणाकडे येऊ? सेमारांगला येऊ?” ती हे चिडून म्हणाली नाही. खरोखरच विचारत होती. “माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं. नाव निघालं, लग्न मोडलं, आणि मग तिला कुणी दारात उभं केलं नाही. पुर्वादी चांगला आहे हो. पोरीला आज वाईट वाटेल, उद्या पदरी पडलं पवित्र झालं. टोळ घ्या ना, गार होतायत.”

हप्सारीनं एक टोळ खाल्ला. दुसरं काय करणार होती?

मग पाक दुकुह. ते अंगणात मोटारसायकल पुसत होते. “बेटा, तू म्हणतेस ते कायद्याला धरून आहे,” ते म्हणाले. “पण तू पुस्तक मिटून जाशील. मला इथेच मरायचंय, आणि माझी तिरडी हीच माणसं उचलणार.” आणि पुन्हा फडक्याला तेल लावू लागले.

तेव्हा हप्सारीला एक शक्कल सुचली.

शक्कल तिच्याच घरातली होती. तिच्या आत्याचं ठरलेलं लग्न एकदा दोन वर्षं पुढे गेलं होतं, केवळ एका म्हाताऱ्यानं दिवस जुळत नाही म्हटल्यावर. जावातली माणसं, शिकली काय नि शहरात गेली काय, जन्मवारांचे आकडे मिळवून मुहूर्त काढतात त्या बेरजेपुढे गप्प होतात. मोबाईलवर बोटं फिरवणारा माणूसही सुरो महिन्यात नवी मोटारसायकल घरी आणत नाही. सुरो हा वर्षाचा पहिला महिना. त्यात लग्न नाही, घरभरणी नाही, काही नाही. कायद्यापुढे न वाकणारी माणसं वारापुढे वाकतात, मग त्या वारालाच आपल्या बाजूला का घेऊ नये?

वाडीचे दिवस म्बाह विर्यो काढून द्यायचे. म्बाह म्हणजे आजोबा. लवंगेची विडी ओढत ते बांबूच्या बाकावर बसलेले असायचे, आणि त्यांच्या तोंडून निघालेला वार चुकला असं कुणी म्हणत नसे. चुकलाच तर नशीब चुकलं म्हणत. हप्सारी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली आणि अतिशय अदबीच्या जावानी भाषेत, आईनं लहानपणी मारून मारून शिकवलेल्या, आपलं म्हणणं मांडलं.

“खोटं बोलू म्हणतेस,” म्बाह विर्यो म्हणाले.

“खोटं नाही, आजोबा. थोडं लांबवा. सापारमधला दिवस जड आहे म्हणा. पुढच्या वर्षीचा काढा. तोपर्यंत ती एक वर्ष तरी शिकेल. तोपर्यंत कोर्टातही जाऊन येईल.”

“आणि पोरीच्या नशिबी तेच असेल तर?”

“तर पुढच्या वर्षीही असेल. नशीब कुठं पळून जातंय?”

म्हातारा हसला. त्याला उत्तर आवडलं. विडीचा झुरका घेऊन त्यानं बराच वेळ टेकडीकडे पाहिलं. सागाची पानं गळून गेली होती आणि डोंगर केस काढल्यासारखे दिसत होते.

“लारस माझ्या नातीबरोबर खेळायची,” तो म्हणाला. “बरं. सापारमधला दिवस बापाला जड आहे म्हणेन. एकदाच म्हणेन हं.”

हप्सारी परत येताना गाणं म्हणत होती. दानांगनं विचारलं, “काय, विमानतळ मंजूर झाला का?” ती नुसती हसली. त्या संध्याकाळी तिनं बू दुकुहांच्या हातचा मिरचीचा खर्डा दोनदा मागून घेतला. आपण काहीतरी खरं केलं, असं तिला वाटत होतं. इतकं बरं तिला पुन्हा त्या गावात वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बू तुकिनेम बू दुकुहांच्या चुलीपाशी आली. तोंड उजळलेलं, केस नीट विंचरलेले.

“ऐकलंत का बू, म्बाहनी वाचवलं हो आम्हाला! सापारमधला दिवस लारसच्या बाबांच्या जिवावर होता. काल मी सहज म्हणून विचारायला गेले, मंडपवाल्याला सांगायचं होतं ना, तर ते असं म्हणाले. वेळीच कळलं बाई.”

“अगं बाई,” बू दुकुह म्हणाल्या.

हप्सारी दारात उभी होती. तिच्या छातीत एक गोड कळ आली.

“मग?” तिनं विचारलं.

“मग मी म्हटलं, म्बाह, पुढचा कधी? तर पुढच्या वर्षीचा म्हणाले. म्हटलं, वर्षभर थांबायचं? लोकांच्या तोंडाला काय कुलूप घालू? मग मी विचारलं, अलीकडचा नाही का एखादा, सुरो लागायच्या आधी? हा बेसार महिना तर लग्नाचाच महिना, अजून उरलाय थोडा. म्बाहनी बोटं मोजली. आहे म्हणाले. येता रविवार. एकदम निर्मळ दिवस!” बू तुकिनेमनं हप्सारीचे दोन्ही हात धरले. “ताई, रेवांगला यायचं हं सगळ्यांनी.”

रेवांग म्हणजे लग्नघरी चुलीला हात लावणं. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या परसात अख्ख्या वाडीनं जाऊन चिरायचं, कुटायचं, रांधायचं. जो येत नाही त्याच्या मयताला कुणी येत नाही.

“पण बू, कोर्ट?” हप्सारी म्हणाली. “कोर्टाची तारीख तर सुरोमध्ये आहे. परवानगीशिवाय नोंदणी कशी होणार?”

“निकाह आधी लागेल. मोदीन लावतायत मशिदीतले. कागद मागाहून होतील. झालेल्या लग्नाला कोर्ट काय नाही म्हणणार आहे का?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एक दार होतं, लारसला एकटीला आत घेणारं, आणि ते हप्सारीनं आपल्या हातानं लावून घेतलं होतं. वर कागदही गेला. आता उद्या पुर्वादीनं हात झटकले तर पोरीकडे दाखवायला काही राहणार नव्हतं.

ती धावतच म्बाह विर्योंकडे गेली. ते तिथेच बसले होते. ते म्हातारे असल्यामुळे ती ओरडली नाही, पण बसलीही नाही.

“आजोबा, तुम्ही असं कसं केलंत?”

“तू सांगितलंस तसं एकदा म्हणालो,” म्बाह विर्यो म्हणाले. त्यांनी विडी पेटवली नव्हती, नुसती हातात धरली होती. “मग तिनं दुसरं विचारलं. आधीचा दिवस आहे का? होता. एकाच बैठकीत दोनदा खोटं मला जमलं नाही, पोरी. वय झालं.”

“मग आता काही करा ना.”

“आता काय करू? आपलाच दिवस मोडला, तर पुढचा माणूस माझ्याकडे कशाला येईल?” ते खाली पाहत राहिले. “तू मला विचारायला नको होतंस. मीही ऐकायला नको होतं.”

त्यानंतरचे दिवस हप्सारी फोन घेऊन टेकडीवर चढत होती, कारण सिग्नल तिथेच यायचा. मुलांच्या रक्षणासाठी सरकारनं दिलेल्या नंबरावर एक बाई फार गोड बोलल्या. सगळं लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, आणि पुढल्या आठवड्यात आमचा माणूस येऊन समन्वय करेल म्हणाल्या. लग्न रविवारी आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “हो, तेही लिहिलंय.” विद्यापीठाचे मार्गदर्शक सर म्हणाले, “हप्सारी, आपण पाहुणे आहोत. गावानं पुढच्या वर्षी गट नाकारला तर?” जवळच्या ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं, “घरच्यांची तक्रार आहे का? मुलीची?” आणि मुलीची तक्रार घ्यायला मुलीला तिथवर आणावं लागणार होतं, एका डोंगरापलीकडे, तिच्या आईच्या नजरेसमोरून.

तिनं लारसला तेही विचारलं. टँकरच्या रांगेत, बादल्या सरकवता सरकवता.

“ठाण्यात?” लारसनं बादली खाली ठेवली. “आणि संध्याकाळी कुठं जायचं मी?”

कायद्याच्या तीन वर्षांत हप्सारीला संध्याकाळी कुठं जायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

“आईला पोलीस नकोत,” लारस म्हणाली. “ती मला मारत नाही हो. काल माझ्या पायांना तेल लावून दिलं तिनं.”

शेवटी दानांगजवळ तिनं सगळं बोलून टाकलं. तो पहिल्यांदाच हसला नाही. “आपण जायचंच नाही लग्नाला,” ती म्हणाली. “निदान तेवढं तरी.”

“नाही गेलो तर काय होईल?” दानांगनं विचारलं. “लग्न थांबेल?”

“नाही.”

“मग ती तिथे एकटी असेल, एवढंच होईल.”

तो बरोबर बोलला म्हणून तिला त्याचा फार राग आला.

रविवारी पहाटेपासून धूर होता. लग्नघराच्या दाराशी केळीचे खुंट आणि नारळाच्या कोवळ्या पात्यांच्या झालरी बांधल्या होत्या. परसात दगडांच्या चुलींवर भाताचे टोप चढले होते. बायका फणस चिरत होत्या, खोबरं किसत होत्या, आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत होत्या. चुलींवर ऊन येऊ नये म्हणून बांबूंना एक मोठं कापड ताणून बांधलेलं होतं. हप्सारी त्याच्याखाली जाऊन बसली आणि मग तिनं वर पाहिलं.

फ्लेक्स होता. ‘लग्न एकोणिसाव्या वर्षानंतरच’. हसरी मुलगी खाली तोंड करून टोपांकडे पाहत होती, आणि तिच्या गालावर वाफेचे थेंब जमले होते.

“चांगलं मजबूत आहे हो तुमचं कापड,” शेजारची बाई कौतुकानं म्हणाली. “मंडपात नुसतंच पडलं होतं. आम्ही घेतलं, चालेल ना?”

“चालेल,” हप्सारी म्हणाली. कुणी हिणवायला ते लावलं नव्हतं, हीच तर गोष्ट होती. ऊन लागत होतं, कापड होतं.

तिनं खोबरं किसलं. हात थांबला की कुणी तरी गोड बोलून दुसरं काम देई. दानांगला बू तुकिनेमनं माइकवर उभं केलं होतं, कारण त्याची अदबीची भाषा फार छान. आणि हप्सारीनं व गटातल्या मुलींनी पाहुण्यांना चहा द्यायचा होता. “शिकलेल्या पोरी हातात ट्रे घेऊन उभ्या राहिल्या ना,” बू तुकिनेम म्हणाली होती, “की पुर्वादीच्या माणसांत आमची मान वर होईल.” आणि नाही म्हणायला हप्सारीला तोंड नव्हतं.

वऱ्हाड येऊन बसलं. ट्रेमध्ये चहाचे पेले भरले गेले. तेवढ्यात एक बाई आतून आली: “ताई, नवरी तुम्हाला बोलावतेय. एक मिनिट.”

खोलीत लारस आरशापुढे बसली होती. कपाळावर काळ्या रंगाची महिरप काढलेली, केसांत जाईच्या कळ्यांचं जाळं. नटवणारी बाई चहाला गेली होती. दाराच्या मागे खिळ्याला राखाडी स्कर्ट टांगलेला होता, घडी न मोडलेला.

“दार लोटा, ताई.”

हप्सारीनं दार लोटलं. “लारस, हे माझ्यामुळे झालं. मी म्बाह विर्योंकडे...”

“माहितीय. आजोबांनी सांगितलं. ते रडले माझ्यासमोर.” लारस आरशातूनच बोलत होती. “तुम्ही नका हं रडू. तुमचं बघून मला येईल आणि कपाळ अजून ओलं आहे. बाई ओरडतील.”

हप्सारीनं मान हलवली.

“ताई, जज्जबाईंनी काय विचारलं असतं हो?”

“कशाला आता?”

“सांगा ना. मी तयारी केली होती. काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं.” लारस वळून बसली. हात मांडीवर ठेवले, शाळेत ठेवतात तसे. “विचारा ना तुम्ही. त्यांच्यासारखं. दार लावलेलंच आहे.”

हप्सारी खाली बसली. तिचा स्वर कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा निघाला.

“नाव?”

“लारस.”

“वय?”

“पंधरा.”

“तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली आहे का?”

लारसनं प्रामाणिकपणे विचार केला. “नाही. कुणी मारलं नाही. कुणी ओरडलंसुद्धा नाही.”

“तुला हे लग्न करायचं आहे का?”

“नाही,” लारस म्हणाली. मान वर करून, स्पष्ट, सभामंडपातल्या माइकवर बोलली होती तशी. “मला शाळेत जायचंय.”

दोघी थांबल्या. एवढं बोलून झाल्यावर काहीतरी व्हायला हवं, असं दोघींनाही वाटलं असावं. बाहेर दानांग अदबीच्या भाषेत वऱ्हाडाचं स्वागत करत होता. चुलीपाशी कुणीतरी मोठ्यानं हसलं.

“मग जज्जबाई काय म्हणाल्या असत्या?” लारसनं विचारलं.

हप्सारीला शिकवलेलं सगळं आठवत होतं, कलमांच्या आकड्यांसकट, आणि त्यातला एकही शब्द या खोलीत उच्चारण्यासारखा नव्हता. तिनं लारसचे हात हातात घेतले. ते गार होते आणि त्यांना तेलाचा वास येत होता.

दार उघडलं. बू तुकिनेम होती, हिरव्या ब्लाउजमध्ये, ओठांना रंग लावलेली. लेकीकडे पाहून तिचे डोळे भरून आले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

“किती गोड दिसतेयस गं,” ती म्हणाली. “चल, पोरी, मोदीन आले.” मग हप्सारीकडे वळून, हळूच, जरा संकोचून म्हणाली, “ताई, तेवढा चहा... पाहुणे खोळंबलेत हो.”

हप्सारी बाहेर आली आणि तिनं ट्रे उचलला. पेले काठोकाठ भरलेले होते. पहिल्या रांगेत पुर्वादीची आई बसली होती. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि शेजारणीला म्हणाली, “किती गुणी पोरी असतात बघा विद्यापीठाच्या.” हप्सारी पुढच्या माणसासमोर वाकली. चहा सांडू नये म्हणून तिला सगळं लक्ष हातांकडे द्यावं लागत होतं.